पहिली वही कुणी दाखवत नाही : अर्बन स्केचिंग म्हणजे काय आणि हौशी चित्रकाराचा हात नेमका सुधारतो कसा?

रविवारी सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या फोर्टात किंवा पुण्यातल्या जुन्या पेठांमध्ये चक्कर मारली, तर कधीतरी हे दृश्य दिसतं. फुटपाथवर, देवळाच्या पायरीवर, बंद दुकानाच्या फळीवर दहा-पंधरा माणसं बसलेली असतात. कुणी कॉलेजचं पोरगं, कुणी बँकेतून रिटायर झालेले काका, कुणी आयटी कंपनीत नोकरी करणारी ताई. मांडीवर वही, हातात पेन, शेजारी पाण्याची डबी. सगळे एकाच वाड्याकडे बघत असतात आणि प्रत्येकाच्या वहीत वेगळाच वाडा उतरत असतो.

याला म्हणतात अर्बन स्केचिंग. इन्स्टाग्रामवर याची रील्स तुम्ही पाहिलीच असतील. कोरं पान, चार रेषा, रंगाचा एक फटकारा आणि तीस सेकंदांत अख्खं सीएसएमटी उभं. शेवटी वही त्या इमारतीसमोर धरायची, की झालं. बघणाऱ्याला वाटतं, आपल्यालाही जमेल की. मग ऑनलाइन वही मागवली जाते, चोवीस रंगांचा डबा येतो, दोन रविवार उत्साहात जातात. तिसऱ्या रविवारी वही कपाटात.

ती कपाटात का जाते, याचं उत्तर रीलमध्ये सापडत नाही. ते त्याच चित्रकाराच्या पहिल्या वहीत असतं, आणि ती वही सहसा कुणी पोस्ट करत नाही.

सुरुवात कुठून झाली?

रस्त्यावर बसून चित्र काढणं काही नवं नाही, पण 'अर्बन स्केचर्स' या नावाची चळवळ अलीकडची आहे. गॅब्रिएल कॅम्पानारिओ हे मूळचे स्पेनचे पत्रकार आणि चित्रकार. नोकरीच्या निमित्तानं ते अमेरिकेत सिएटलला आले. नवं शहर, ओळखीचं कुणी नाही. मग रोज येता-जाता दिसेल ते वहीत उतरवायचं, असा त्यांचा क्रम सुरू झाला. २००७ मध्ये त्यांनी आपल्यासारख्या लोकांसाठी फ्लिकर या फोटोंच्या साइटवर एक ग्रुप काढला. २००९ मध्ये त्याची रीतसर ना-नफा संस्था झाली आणि २०१० मध्ये अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरात पहिलं आंतरराष्ट्रीय संमेलन भरलं. आज जगभरातल्या शेकडो शहरांत या संस्थेच्या शाखा आहेत. मुंबई आणि पुण्यातही लोक या नावानं जमतात.

संस्थेचा आठ कलमांचा एक छोटा जाहीरनामा आहे. त्यातलं पहिलंच कलम सगळ्यात महत्त्वाचं : चित्र जागेवर बसून, समोर बघून काढायचं. फोटो काढून घरी आलात आणि पंख्याखाली बसून त्यावरून चित्र केलंत, तर ते कितीही सुंदर असो, अर्बन स्केच होत नाही. बाकीच्या कलमांचा मथितार्थ असा, की जे दिसतं त्याच्याशी प्रामाणिक राहायचं, माध्यम कोणतंही चालेल, एकमेकांच्या सोबतीनं काढायचं आणि काढलेलं ऑनलाइन दाखवायचं.

फोटोला एवढा विरोध का? यामागे सोवळं-ओवळं नाही, साधं कारण आहे. फोटोमध्ये कॅमेऱ्यानं निम्मं काम आधीच करून टाकलेलं असतं. खोली असलेलं जग त्यानं सपाट केलेलं असतं आणि चौकटीत काय घ्यायचं तेही ठरून गेलेलं असतं. जागेवर बसलेल्या माणसाला हे सगळं स्वतः ठरवावं लागतं, आणि तेही ऊन सरकत असताना, समोर टेम्पो येऊन उभा राहिलेला असताना. हौशी माणसाचा हात तयार होतो तो या ठरवण्यातून.

आपल्याकडे हे आधीपासून होतं

नाव नवं असलं तरी मराठी मुलखाला ही सवय जुनी आहे. कोल्हापुरात जन्मलेले रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि त्यांनी आयुष्यभर माणसं टिपली. एस. एम. एडवर्ड्स या मुंबईच्या पोलीस कमिशनरनं शहरातल्या गल्लीबोळांवर लिहिलेल्या 'बायवेज ऑफ बॉम्बे' या पुस्तकात धुरंधरांची चित्रं आहेत. शंभर वर्षांपूर्वी मुंबईत कोण कसं नेसायचं, कसं चालायचं हे आज त्या चित्रांवरून कळतं.

दुसरं नाव मारिओ मिरांडा. गोव्यातल्या लोटलीच्या या माणसानं चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. लहानपणी घराच्या भिंती रंगवून ठेवायचा म्हणून आईनं वही हातात दिली, असं त्यांच्याबद्दल नेहमी सांगितलं जातं. विशीत असताना ते रोजची डायरी लिहीत, किंवा खरं तर काढत. गावातले पाद्री, लग्नं, फेस्त, शेजारपाजारच्या भानगडी, सगळं त्यात आहे. त्यातली १९४९ ते १९५१ ही वर्षं पुढे पुस्तकरूपानं आली. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवरचा प्रसिद्ध मारिओ बघून त्या डायऱ्या चाळल्या, की एक गोष्ट लक्षात येते : तो हात आभाळातून पडलेला नाही, रोजच्या पानांतून आलेला आहे.

दोन डोंगर, मधून सूर्य

आता मूळ अडचणीकडे येऊ. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कुणालाही 'एक चित्र काढ' म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा अर्धा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठावर कौलारू झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात इंग्रजी व्हीसारखे चार पक्षी. हे दृश्य प्रत्यक्षात किती जणांनी पाहिलंय? नदी आणि डोंगराच्या मधूनच उगवणारा सूर्य सोलापूरच्या पोरानं कुठे पाहिला असेल? तरी तोही हेच काढतो.

कारण ते चित्र नसतं, ती खूण असते. झाड म्हणजे असं, घर म्हणजे असं, डोळा म्हणजे असा, अशा खुणांचा एक साठा आपण आठ-दहा वर्षांचे होईपर्यंत जमवतो आणि पुढे आयुष्यभर तोच वापरतो. अमेरिकन कलाशिक्षिका बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन' या पुस्तकात हाच मुद्दा लावून धरला. त्यातली मेंदूच्या उजव्या-डाव्या बाजूंची मांडणी आज फारच ढोबळ मानली जाते. पण खुणांबद्दलचं त्यांचं निरीक्षण अजून टिकून आहे : ज्यांना चित्र येत नाही ते वाईट काढतात असं नाही, ते बघतच नाहीत, आठवणीतली खूण उतरवतात.

पटत नसेल तर आत्ता कागदावर सायकल काढून बघा. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिबेका लॉसन यांनी २००६ मध्ये यावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. रोजची, डोळ्यांसमोरची वस्तू. तरीही अनेकांची फ्रेम अशी निघाली, की ती सायकल वळलीच नसती. काहींनी तर चेन पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांना जोडली.

शाळेतल्या एलिमेंट्री-इंटरमिजिएट परीक्षांचा इथे थोडा उल्लेख करायला हवा. राज्याचं कला संचालनालय घेत असलेल्या या परीक्षांनी आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांच्या हातात ब्रश दिला. स्थिरचित्रात समोर मांडलेली बादली, वांगी आणि घडी घातलेला टॉवेल बघून काढावा लागतो, म्हणजे निरीक्षण आलंच. पण बहुतेकांच्या लक्षात राहतं ते स्मरणचित्र, कारण त्यात ठरावीक माणसं, ठरावीक जत्रा आणि ठरावीक फुगेवाला पाठ करून जाता येतो. मोठेपणी स्केचबुक उघडल्यावर हात पहिल्यांदा त्या फुगेवाल्याकडेच धावतो.

मग सुधारतं काय?

हौशी चित्रकाराची प्रगती म्हणजे चित्र 'छान' दिसायला लागणं, असा समज आहे. प्रत्यक्षात आधी सुधारतात त्या अगदी रुक्ष गोष्टी.

पहिली म्हणजे मोजणं. हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा, पेन उभं धरायचं आणि दाराची उंची पेनावर अंगठ्यानं मोजून घ्यायची. मग बघायचं, की या वाड्याची रुंदी म्हणजे अशी किती दारं? साडेचार? नवशिक्याच्या चित्रात ती नेहमी तीनच निघतात, कारण त्याला दार महत्त्वाचं वाटतं आणि महत्त्वाची गोष्ट हात मोठी काढतो. चेहऱ्याचंही तसंच : डोळे आणि तोंड मोठं, कपाळ गायब.

दुसरी गोष्ट नजरेची पातळी. पर्स्पेक्टिव्ह म्हटलं, की लोक घाबरतात, पण रस्त्यावर कामाला येणारा नियम एकच आहे. तुमच्या डोळ्यांच्या उंचीवरून समोरच्या दृश्यात एक आडवी रेषा जाते असं समजा. तुमच्यापासून लांब जाणाऱ्या ज्या आडव्या कडा त्या रेषेच्या वर आहेत, म्हणजे छज्जा, पन्हळ, कौलांची ओळ, त्या लांब जाताना खाली उतरतात. ज्या रेषेच्या खाली आहेत, म्हणजे फुटपाथ, पायऱ्या, त्या वर चढतात. सगळ्या त्या रेषेकडे येतात. तुम्ही उभे असाल आणि रस्ता सपाट असेल, तर तुमच्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी साधारण याच रेषेवर असतात, मग तो माणूस दहा फुटांवर असो की शंभर. लांबच्या माणसाचे पाय तेवढे वर सरकतात. हे माहीत नसल्यामुळे नवशिका लांबची माणसं छोटी करून पानाच्या खाली काढतो आणि ती खड्ड्यात पडल्यासारखी दिसतात. स्टुलावर बसलात तर रेषा खाली येते, माणसांच्या कमरेपाशी. मग जवळच्या माणसाचं डोकं लांबच्यापेक्षा वर जाणार. हे एकदा कळलं, की गर्दी काढायची भीती निम्मी होते.

तिसरी गोष्ट गडद-उजळ ओळखणं, आणि बहुतेक जण अडकतात ते इथे. आपल्याला रंग दिसतो, उजेड दिसत नाही. पिवळी भिंत उन्हात पिवळी आणि सावलीतही 'पिवळीच' वाटते, म्हणून दोन्हीकडे एकच पिवळा लागतो आणि इमारत पुठ्ठ्यासारखी सपाट होते. उपाय जुना आहे : डोळे किलकिले करायचे. बारकावे पुसले जातात आणि फक्त तीन गोष्टी उरतात. एकदम उजळ, मधलं आणि एकदम गडद. आजच्या काळात आणखी सोपं म्हणजे काढलेल्या स्केचचा मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो घ्यायचा. सगळं पान एकाच राखाडीत दिसलं, तर चूक रंगांची नाही, सावलीत हात आखडला एवढंच.

म्हणूनच जाणकार लोक नवशिक्यांना रंग थोडे उशिरा घ्यायला सांगतात. दोन-तीन महिने नुसतं पेन. पेन्सिलसुद्धा नको, कारण पेन्सिल आली की खोडरबर आला, आणि खोडरबर आला की एकाच खिडकीवर पाऊण तास गेला. पेनाची चुकलेली रेषा तशीच राहते. तिच्या शेजारी बरोबर रेषा काढायची आणि पुढे जायचं.

जलरंग : जो माफ करत नाही

अर्बन स्केचिंगमध्ये सर्वाधिक वापरले जातात ते जलरंग, कारण डबी खिशात मावते. पण हौशी माणसाचा सगळ्यात जास्त कागद वाया जातो तोही यातच.

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. जिथे ऊन पडलंय तिथे रंग लावायचाच नाही, ही गोष्ट सुरुवात करण्याआधीच ठरवावी लागते. तेलरंगात गडदावर उजळ चढवता येतो, इथे उजळाकडून गडदाकडे जावं लागतं. शिवाय ओला असताना बरोबर वाटलेला रंग वाळल्यावर फिका पडतो. त्यामुळे लावताना थोडा जास्तच गडद लावायचा, हे धाडस यायला वेळ लागतो. आणि ओल्या रंगात पुन्हा पुन्हा ब्रश घातला, की चिखल ठरलेला.

त्यातून आपली हवा. मेच्या उन्हात पुण्याला वॉश कागदावर पसरायच्या आत वाळतो आणि कडा उमटतात. ऑगस्टमध्ये मुंबईत तोच वॉश वाळतच नाही. दुसरा थर द्यायला थांबावं तर एक चहा, मग दुसरा चहा, आणि तोवर पाऊस. युरोपातल्या शिक्षकाच्या व्हिडिओत 'आता पाच मिनिटं थांबा' असं सांगितलं जातं, ते दादरच्या फुलबाजाराबाहेर लागू पडत नाही. इथे स्वतःच्या शहराचं पाणी स्वतःलाच शिकावं लागतं.

सामानावर होणारा खर्च बऱ्याचदा चुकीच्या जागी होतो. चोवीस रंगांची गरज नसते. सहा-सात पुरतात. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हे दोनच मिसळले तरी डांबरी रस्त्यापासून पावसाळी ढगांपर्यंत सगळे राखाडी निघतात, शिवाय डबीतल्या काळ्यासारखे ते मेलेले दिसत नाहीत. पैसे घालायचेच तर कागदावर घालावेत. साध्या ड्रॉइंग बुकाचा पातळ कागद पाणी लागताच गोळा होतो आणि माणसाला वाटतं आपला हात वाईट आहे. जाड, ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद आणि शाळेतल्या कॅमलच्या ट्यूब, हे उलट्या जोडीपेक्षा कितीतरी बरं काम देतात. पेनाची शाई मात्र पाण्यात न विरघळणारी हवी. साध्या फाउंटन पेनची शाई वापरून वर रंग फिरवला, की पहिल्याच दिवशी धडा मिळतो.

चौथ्या महिन्याचा खड्डा

आता वही कपाटात जाण्याचं खरं कारण.

पहिल्या महिन्यात माणूस खूश असतो. खिडक्या कलंडलेल्या असतात, घुमट बटाट्यासारखा झालेला असतो, पण ते त्याला दिसत नाही. घरच्यांनी 'वा' म्हटलेलं असतं. तो काढत राहतो. रोज मोजतो, किलकिले डोळे करतो, चांगल्या चित्रकारांचं काम बघतो. यात सगळ्यात आधी सुधारते ती नजर. हात मागून येतो, आणि बराच मागून येतो.

म्हणजे तीन-चार महिन्यांनी काय होतं? स्केच पहिल्यापेक्षा खरं तर थोडं बरं असतं, पण आता त्यातली प्रत्येक चूक दिसते. खिडक्या कलंडल्याचं दिसतं. सावली फिकी पडल्याचं दिसतं. पहिल्या महिन्यात न दिसलेल्या दहा चुका आता एकाच पानावर दिसतात आणि निष्कर्ष निघतो : आपण बिघडत चाललोय. त्यातच संध्याकाळी फोन उघडला, की ज्यानं वीस वर्षं हेच केलंय अशा माणसाचं रील समोर येतं. एकत्र जमून काढायला आणि एकमेकांना दाखवायला सुरू झालेल्या गोष्टीचं असं मोजमापात रूपांतर होतं. बरीच माणसं इथे थांबतात. आणि थांबतात ती नेमकी नजर तयार झालेली असताना, हे जास्त वाईट.

या खड्ड्यातून जाणारा सगळ्यात प्रसिद्ध हौशी चित्रकार बहुधा विन्स्टन चर्चिल. त्यांच्या राजकारणाबद्दल, विशेषतः भारताबद्दलच्या वागण्याबद्दल, बोलण्यासारखं खूप आहे, पण तो वेगळा विषय. १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या डार्डनेल्सच्या मोहिमेवरून नौदलाचं मंत्रिपद गेलं तेव्हा ते चाळिशीत होते आणि पार खचले होते. सरेमधल्या एका शेतघरी त्यांची भावजय रंगवत बसलेली त्यांनी पाहिली आणि मुलांच्या रंगपेटीनं सुरुवात केली. पुढे तेलरंग आणले. कोऱ्या कॅनव्हासपुढे हा माणूस एवढा घाबरला, की कोपऱ्यात घेवड्याच्या दाण्याएवढा निळा ठिपका लावून थांबला. तेवढ्यात चित्रकार जॉन लॅव्हरी यांची पत्नी हेझल तिथे आली. तिनं मोठा ब्रश मागून घेतला आणि कॅनव्हासवर निळ्याचे सपासप फटकारे ओढले. कॅनव्हास काही उलटून अंगावर आला नाही, आणि भीती गेली. हा प्रसंग चर्चिल यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे.

पुढची गोष्ट आपल्या विषयाच्या जास्त जवळची आहे. १९४७ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनाला चित्रं पाठवली ती डेव्हिड विंटर या खोट्या नावानं. दोन चित्रं निवडली गेली. सुरुवातीपासून मोजलं तर मधे ३२ वर्षं गेली होती आणि आयुष्यात एकूण ५०० हून जास्त चित्रं झाली. इतक्या मोठ्या माणसालाही आपलं काम नावाशिवाय कसं ठरतं, हे तपासून बघावंसं वाटलं.

जवळचं उदाहरण पुण्याचे मिलिंद मुळीक. 'अमर चित्र कथा'साठी चित्रं काढणारे प्रताप मुळीक हे त्यांचे वडील, पण मिलिंद यांचं शिक्षण इंजिनीअरिंगचं. पुढे जलरंग हेच काम झालं. ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली त्यांची जलरंग, स्केचिंग आणि पर्स्पेक्टिव्हवरची पुस्तकं महाराष्ट्रातल्या हौशी चित्रकारांच्या घरात हमखास सापडतात. घरात चित्रकार असल्याचा फायदा त्यांना झालाच असणार, सगळ्यांकडे तो नसतो. पण त्यांची चित्रं लक्ष देऊन पाहिली, तर खड्ड्याच्या पलीकडे काय असतं ते कळतं : सोडून देणं. वाड्याला ४० खिडक्या असतात, चित्रात नीट काढलेल्या दोनच. बाकीच्या नुसत्या गडद ठिपक्यांनी सुचवलेल्या. नवशिका चाळीसच्या चाळीस काढतो, कारण काय सोडायचं हे अजून ठरवता येत नाही.

रस्त्यावर बसायचं कसं?

हात सुधारण्यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे चारचौघांत बसणं. पाच मिनिटांत मागे कुणीतरी येऊन उभं राहतंच. 'हे काय, सर्व्हे चाललाय का?' हा प्रश्न जुन्या वस्तीत हमखास येतो, आणि त्यात गंमत कमी, धास्ती जास्त असते. वही दाखवली, की चेहरे सैल होतात. मग चहावाला म्हणतो, 'माझी गाडी पण घ्या की.' सिक्युरिटी गार्डनं उठवलं तर वाद घालण्यात अर्थ नाही, समोरच्या फुटपाथवरून तीच इमारत दिसते. लष्करी हद्द, बंदर, विमानतळ अशा जागा सोडून द्याव्यात.

बायकांसाठी हा प्रश्न वेगळा आहे. एकट्या मुलीनं दोन तास फुटपाथवर बसून राहणं आपल्या शहरांत अजूनही सोपं नाही. टपोरी शेरे, फोटो काढणारे, शिवाय आसपास स्वच्छ टॉयलेट नाही. ग्रुपनं बाहेर पडण्याचा सगळ्यात मोठा उपयोग इथे होतो. आठ-दहा जणांत बसलं, की डोकं चित्रात राहतं. एकटीनंच काढायचं असेल तर पुष्कळ जणी हॉटेलच्या खिडकीजवळचं टेबल किंवा लेडीज डबा निवडतात.

लोकलचा डबा ही तर फुकटची शाळा आहे. विरार-चर्चगेट प्रवासात डुलक्या घेणारी माणसं तासभर हलत नाहीत. तीस सेकंदांत मान कुठे कलली, खांदा कुठे आला, एवढंच टिपायचं. समोरच्यानं डोळे उघडून बघितलं तर खिडकीबाहेर बघायचं. चेहरा ओळखू येईल असं स्केच पोस्ट करण्याआधी विचारलेलं बरं, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर विचारायलाच हवं.

ग्रुपच्या भेटीत शेवटी सगळ्या वह्या जमिनीवर उघड्या मांडतात. याला 'थ्रोडाउन' म्हणतात. पहिल्यांदा आलेल्या माणसाला हा क्षण नकोसा वाटतो. पण वाकून बघितलं, की लक्षात येतं, चांगल्या हाताच्या माणसाचंही आजचं पान फसलेलं आहे. फोनच्या स्क्रीनवर ही गोष्ट कधीच दिसत नाही, कारण तिथे फसलेलं पान पोहोचतच नाही.

फसलेलं पान फाडू नये, ते का?

एक कारण भावनिक नाही, नोंदीचं आहे. अर्बन स्केचर कोपऱ्यात तारीख, वेळ आणि जागा लिहितो. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उभ्या राहिल्या. आता पुनर्विकासात त्या एकेक करून पाडल्या जातायत आणि जागी टॉवर येतायत. तिथल्या रहिवाशांना मोठं घर मिळतंय, त्याबद्दल बाहेरच्यानं हळहळण्यात अर्थ नाही. पण त्या लांबलचक व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे, दारातल्या चपला, जिन्यावरची सायकल हे ज्यानं कुणी वाकड्यातिकड्या रेषेत का होईना काढून ठेवलं, त्याच्याकडे ते आहे. पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांचंही तेच. पर्स्पेक्टिव्ह चुकलेलं असलं तरी जिना कुठल्या बाजूला होता ते कळतं.

दुसरं कारण प्रगती मोजण्याचं. दुसऱ्याच्या रीलशी तुलना करून काहीच कळत नाही. एकच जागा ठरवायची, घराजवळची, उदाहरणार्थ कोपऱ्यावरचं किराणा दुकान किंवा एसटी स्टँड, आणि दर तीन महिन्यांनी तिथेच बसून काढायची. त्याच वेळी, तेवढ्याच वेळात, शक्यतो तेवढ्याच आकारात. चार पानं शेजारी शेजारी ठेवली, की वर्षभरात काय हललं आणि काय नाही ते दिसतं. कदाचित माणसं उभी राहायला लागली असतील, पण सावली अजूनही फिकीच असेल. मग पुढच्या तीन महिन्यांचं काम आपोआप ठरतं.

सुरुवात करायची असेल तर आपल्या शहरातल्या ग्रुपचं इन्स्टाग्राम पेज शोधा. भेटीची जागा आणि वेळ तिथे टाकलेली असते. घडीचं स्टूल, टोपी, पाण्याची बाटली आणि जुन्या सुती कापडाचा तुकडा सोबत ठेवा. जागेवर पोहोचल्यावर सगळ्यात आधी सावल्यांच्या कडा हलक्या रेषेनं आखून घ्या. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. घुमट नंतर काढला तरी तो तिथेच असतो, सावली नसते.